हिरव्या तारेवरचा आळ

खरं सांगायला उभं राहावं आणि समोरच्यांनी हात जोडावेत, याचा मला आता उबग आला आहे.

फैजपूरकडच्या केळीवाल्यांची यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला बैठक झाली. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी रचलेल्या एका गोदामात आम्ही बसलो होतो. मी उठून साध्या शब्दांत सांगितलं, की गेल्या साली विहिरींच्या मोटारीवरच्या पेट्या बिघडल्या त्या माझ्या चुकीमुळे, माझ्या पुतणीच्या चुकीमुळे नाही. सांगून खाली बसलो तर एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, उठून माझ्याकडे आले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"पुतनीसाठी एवढं कोन करतं, सर? मन मोठं हाये तुमचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी मला खुर्ची दिली. चहा आला, आणि पहिला कप माझ्या हातात दिला गेला. मग ठरलं ते असं: पेट्या यंदाही हव्यात, पण पुतणीकडून नकोत, कारण तिला अर्थ, म्हणजे अर्थिंग, नीट देता येत नाही. सरांच्या माहितीतला दुसरा कोणी असेल तर सरांनीच सुचवावा.

मी पुन्हा बोलायला गेलो, तर शेजारच्याने मांडीवर हात ठेवून मला गप्प केलं. राहू द्या सर, म्हणाला, आम्हाला सगळं समजतं.

काहीही समजलेलं नव्हतं. बोलताना माझं वय आणि माझी मास्तरकी आडवी येते. लिहिताना ती येऊ नये म्हणून झालं ते सगळं कागदावर उतरवून ठेवतो आहे, आणि त्यातलं शास्त्रही कोणालाही पडताळता येईल असं सांगतो आहे.

मी जळगावात पदविकेच्या मुलांना रेडिओचं शास्त्र शिकवलं. निवृत्त होईपर्यंत दुसरं काही केलं नाही. माझा धाकटा भाऊ धुळ्याला असायचा, तो आता नाही. पुतणी म्हणजे त्याची मुलगी. तीही इलेक्ट्रॉनिक्सच शिकली. सासर धुळ्यातच. नोकरी न धरता तिने तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, सोल्डरिंगला दोन बाया ठेवल्या आणि विहिरीवरच्या मोटारी घरून चालू-बंद करायच्या पेट्या बनवायला सुरुवात केली.

अशा पेटीची गरज शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. थ्री-फेज वीज कधी रात्रीची येते, कधी पहाटेची. तेवढ्यासाठी अंधारात बागेत जायचं, तेही साप आणि बिबट्याच्या भीतीत. मोबाईलवर चालणाऱ्या पेट्या बाजारात आहेत, पण तापीकाठच्या खोलगट शिवारात रेंज येते आणि जाते. पुतणी म्हणाली, मोबाईल कंपनीवर अवलंबून राहायचंच कशाला? सरकारने काही लहरी विनापरवाना वापरायला मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यावर चालणारी एक पेटी घरी ठेवायची, एक मोटारीजवळच्या खांबावर. घरच्या पेटीने 'चालू' म्हणायचं, खांबावरच्या पेटीने मोटार सुरू करून 'झाली चालू' असं उलट कळवायचं. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे.

अडचण केळीने केली. कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या रानात तिच्या पेट्या एकमेकींशी छान बोलायच्या. गच्च बागेत मात्र मुक्या व्हायच्या. केळीचं झाड म्हणजे उभं पाणीच असतं, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. संकेत मोठा करायला हवा होता. म्हणजे ॲम्प्लिफायर हवा होता. ती माझ्याकडे जळगावला आली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही करून द्या."

मला किती बरं वाटलं, ते लपवत नाही. निवृत्तीनंतर मला कोणी काही करून मागितलं नव्हतं. लोक भेटले की तब्येत विचारायचे.

ॲम्प्लिफायर म्हणजे काय, ते आधी सांगतो. लहान संकेत आत घ्यायचा, विजेच्या पुरवठ्यातली ताकद त्याच्या आकारात ओतायची आणि तोच संकेत मोठा करून बाहेर द्यायचा. देवळातल्या कर्ण्यामागेही हेच असतं. पण आमच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावतात, आणि त्या वेगाला तार ही नुसती तार राहत नाही. बोटभर लांबीही अडथळा होते. शेजारच्या दोन पट्ट्यांतून संकेत आपोआप गळतो. म्हणून इथे सगळं आखूड, सपाट आणि बेताचं लागतं.

त्यानंतर जुळणी. जळगावच्या माणसाला ती पाइपावरून सांगता येते. मोठ्या पाइपातून जोरात आलेलं पाणी एकदम बारीक नळीवर आदळलं की धक्का मागे येतो आणि अख्खी लाइन हादरते. म्हणून मध्ये रिड्यूसर बसवतात. ट्रान्झिस्टर आणि अँटेना यांच्यामध्येही छोटी कॉइल आणि कपॅसिटर यांचा असाच सांधा लागतो. सांधा जुळला तर ताकद अँटेनातून बाहेर पडते. नाही जुळला तर ती मागे फिरते.

आणि शेवटचं, जिथे मी माती खाल्ली, ते म्हणजे स्थिरता. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर गेला की कुई वाजते. कोणी गात नसतं, बोलत नसतं, पण कर्ण्यातलं माइकमध्ये, माइकमधलं कर्ण्यात असं फिरत राहतं आणि यंत्र स्वतःच्याच आवाजावर ओरडत सुटतं. ट्रान्झिस्टरच्या पोटातूनही बाहेरचं थोडं परत आत झिरपतं. समोरची अँटेना ठीक असेल तोवर तो शहाण्यासारखा वागतो. अँटेना बिघडली, ताकद मागे फिरू लागली, की तोही असाच कुई करू लागतो. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, एवढाच फरक. कन्नडच्या घाटात चढावर ट्रकला ब्रेक आठवतही नाही. उतारावर ब्रेक नसेल तर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ॲम्प्लिफायरचा ब्रेक म्हणजे तोंडाशी लावलेला एक बारकासा रेझिस्टर. तो थोडी ताकद खातो, पण यंत्राला ओरडू देत नाही.

मुलांना मी दरवर्षी सांगत असे, ॲम्प्लिफायर चांगल्या अँटेनावर तपासू नका, वाईटातल्या वाईट अँटेनावर तपासा. हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की वर्गातली टवाळ पोरं ते माझ्याआधी म्हणायची.

पुतणीसाठी केलेल्या पहिल्या नगात मी तो रेझिस्टर लावला होता. सगळ्यात लांबच्या विहिरीपर्यंत संकेत पोचेना, अगदी थोडक्यासाठी. मी रेझिस्टर काढला. पोचला. पुतणीने फोनवर ओरडून सांगितलं, "नाना, आलं!" आणि मी खुर्चीत मागे रेललो.

घरच्या टेबलावर अँटेनाच्या जागी प्रमाण लोड लावून मी तपासणी केली होती. ते लोड म्हणजे कधीही न बिघडणारी, आदर्श अँटेना. पुतणी तेव्हा समोर होती. तिने विचारलं, की एकदा अँटेनाला हात लावून, पान-बिन लावून बघायचं का. मी म्हणालो, हे काय शाळेतलं प्रात्यक्षिक आहे का? आमच्या घरात थोरल्यांना दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

आणखी एक करामत मी केली होती. एकाच अँटेनावर बोलायचं आणि ऐकायचंही होतं. त्यासाठी मी आपोआप पलटणारं स्विच बसवलं. आतून संकेत आला की त्याने समजायचं, पेटीला बोलायचं आहे, आणि ॲम्प्लिफायर जोडायचा. संकेत थांबला की परत ऐकण्यावर जायचं. पेटी बोलत असताना आत एक लाल दिवा लागायचा. मला हे स्विच फार आवडलं होतं.

दिवाळीनंतर पेट्या बसल्या. खांब विहिरीपाशी, बाग तेव्हा गुडघाभर. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. वांग्याच्या भरताच्या एका पार्टीला आम्हाला शेतात बोलावलं. ज्या ठिबकच्या व्यापाऱ्यामार्फत पेट्या विकल्या होत्या तो प्रत्येकाला माझी ओळख करून देत होता, की हे सर, यांनी स्वतःच्या हाताने सर्किट केलंय. पुतणी बायकांच्या पंगतीत बसली होती. तिची ओळख त्याने 'सरांची पुतणी' अशी करून दिली. ते मला तेव्हा खटकलं नाही.

चैत्रात तक्रारी सुरू झाल्या. मोटार चालू होते, बंद होत नाही. घरून किती वेळा 'बंद' म्हटलं तरी खांबावरची पेटी ऐकत नाही. एकाची विहीर उपसली जाऊन मोटार कोरडी फिरली आणि जळाली. दुसऱ्याच्या बागेत पाणी तुंबलं. कधीकधी शेजारच्या विहिरीवरची पेटीसुद्धा ऐकेनाशी व्हायची. मग दोन दिवस सगळं ठीक, पुन्हा तेच. लोकांनी तिचं नावच पाडलं, बहिरी पेटी.

मी आणि पुतणी गेलो. आता बाग डोक्यावर गेली होती आणि पानं खांबाला टेकत होती. ते मी पाहिलं. पाहून काही सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, हे मला आज सांगता येत नाही. पेटी खाली उतरवून निंबाखाली आणली, उघडली, चालू केली. उत्तम चालली. 'चालू' म्हटलं, चालू. 'बंद' म्हटलं, बंद. सात-आठ माणसं भोवती उभी होती. व्यापारीही होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

पेटीतून एक हिरवी तार निघून खांबावरून खाली मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेली होती. पुतणीने ती स्वतः बसवली होती, नियमाप्रमाणे, नीट घट्ट करून. मी ती तार दोन बोटांत धरली आणि म्हणालो, "अर्थ नीट मिळत नाहीये."

बस, एवढं एक वाक्य.

आमच्या धंद्यात अर्थ दोन प्रकारचा. शॉक लागू नये म्हणून जमिनीत खड्डा करून देतात तो एक. रेडिओच्या सर्किटात ट्रान्झिस्टरच्या पायाशी जो तांब्याचा पत्रा असतो, तोही आमच्या भाषेत अर्थच. या लहरींना तो खांबाखालचा खड्डा दिसतसुद्धा नाही, इतक्या लांबच्या तारेशी त्यांचा संबंध नसतो. तिथल्या माणसांना एकच अर्थ ठाऊक होता, खड्ड्यातला. मी म्हटलेलं त्यांना लगेच पटलं. त्यांना काय समजेल, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. आणि तांब्याच्या पत्र्याच्या अर्थानेही माझं म्हणणं खरं नव्हतं. पुतणीने तो पत्राही चोख बसवला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तारेकडे पाहिलं आणि खाली वाकून तो जोड पुन्हा आवळू लागली.

लोकांनी उपाय विचारला. मी म्हणालो, खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाका, पाणी घालत राहा. विजेच्या माणसाचा हा जुना उपाय, तोही खराच, फक्त या दुखण्याचा नव्हे. शिवारातल्या सगळ्या बागांत मिठाच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. वर घागरी ओतल्या गेल्या. आणि कपाळ असं, की एकाची पेटी सुधारली. त्याने खड्ड्याशी जायला वाट करताना खांबाजवळची पानं छाटली होती. त्याने सगळ्यांना सांगितलं, सरांनी बरोबर धरलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे लेकी आखाजीला माहेरी येतात. भाऊ गेल्यापासून पुतणीचं माहेर म्हणजे आमचंच घर. ती आली होती. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, नैवेद्याला केळीची पानं आणली होती. उरलेलं एक पान धुऊन ओट्यावर ठेवलेलं मला दिसलं. पुतणी मागच्या अंगणात माझ्या बायकोशी बोलत होती. मी पान उचललं, खोलीत गेलो, टेबलावरच्या पेटीला प्रमाण लोडाऐवजी खरी अँटेना लावली आणि ओलं पान तिच्याजवळ धरलं.

पेटीला 'चालू' पाठवलं. लाल दिवा लागला. पेटी 'झाली चालू' म्हणाली. आता दिवा विझायला हवा होता. विझला नाही. 'बंद' पाठवलं. दिवा तसाच. पान बाजूला केलं, तरी तसाच. पानाने अँटेनाची जुळणी मोडली होती, ब्रेक नसलेला ॲम्प्लिफायर ओरडत सुटला होता, तो वीज जाईपर्यंत थांबणार नव्हता, आणि माझं लाडकं स्विच तो ओरडा ऐकून समजत होतं की पेटीला अजून बोलायचंच आहे. पेटी बहिरी नव्हतीच. ती बोलायची थांबत नव्हती, म्हणून तिला ऐकू येत नव्हतं. आणि तिच्या ओरड्यात शेजारच्या पेट्याही ऐकेनाशा होत होत्या.

बायकोने जेवायला हाक मारली. मी वीज काढली, पान परत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि पाटावर जाऊन बसलो. पुतणीने मला आमरस वाढला. जेवताना ती म्हणाली, की नव्या पेट्यांना जाड तार लावते, अर्थासाठी. मी म्हणालो, लाव.

मी मनात ठरवलं होतं, की पुढच्या खेपेला गुपचूप रेझिस्टर लावून देऊ, कोणाला कळणार नाही, आणि सगळं निस्तरेल. पुढची खेप आलीच नाही. व्यापाऱ्याने पेट्या माझ्याकडे परत पाठवल्या. धुळ्यात आणि जळगावात ही मंडळी एकमेकांना ओळखतात. 'जिला अर्थ देता येत नाही' ही तिची ओळख शिवाराशिवारातून फिरली. तिने त्या दोन बायांना काढून टाकलं. तिला वाटलं, त्यांचे जोड कच्चे राहिले असतील. शेड सोडली, सामान घरच्या गच्चीवरच्या खोलीत नेलं आणि सौर पॅनल विकणाऱ्या एकाच्या दुकानात बिलं करायला लागली. माझ्याकडे येताना ती आता सर्किटबद्दल काही विचारत नसे. मुलांच्या शाळेबद्दल बोलायची.

हे मी वर्षभर बघितलं. त्याबद्दल स्वतःला जे म्हणायचं ते मी म्हणून घेतलं आहे. ते वाचकाला ऐकवून उपयोग नाही.

यंदा केळीवाल्यांनी पुन्हा पेट्यांचा विषय काढला, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर तिचं नाव धुतलं जाईल. बैठकीचं काय झालं ते वर आलंच. मी धुळ्याला तिच्या घरी गेलो. ओसरीवर बसून तिलाही तेच सांगितलं, रेझिस्टरचं, स्विचचं. पानाचं सांगायच्या आत ती उठून उभी राहिली. बैठकीतली गोष्ट तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. शिकल्यापासून ती माझ्याशी शुद्ध बोलते. त्या दिवशी घरातली अहिराणी बाहेर पडली.

"माले कोनी दया नको, नाना. चार मान्सास्मा मनासाठे खोटं कसाले बोलनात?"

चार माणसांत माझ्यासाठी खोटं कशाला बोललात, असं ती मला विचारत होती. मी पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि तिच्या लेखी ते खोटं होतं. माझं डोकं सणकलं. मी आवाज चढवला, की मी शिकवायचो ते शास्त्र मला कळतं, चूक माझीच आहे. ती म्हणाली, तुमची चूक असती तर तुम्हाला तिथेच निंबाखाली कळली असती. तिचा माझ्यावर जितका विश्वास, तितकी माझी पंचाईत. मी बस पकडून परत आलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच भांडत होतो.

आखाजीला ती येईल की नाही, शंका होती. आली. नाराजीत, पण आली. नैवेद्य झाल्यावर मी परत आलेल्या पेट्यांतली एक टेबलावर मांडली, खरी अँटेना लावली, ओट्यावरचं पान आणून तिच्या हातात दिलं आणि खुर्ची सोडून भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

तिने पान अँटेनाजवळ नेलं. 'चालू' पाठवलं. दिवा लागला. 'बंद' पाठवलं. दिवा तसाच. तिने वीज काढली, हिरवी तार मुळापासून सोडवली, पुन्हा वीज दिली, पुन्हा पान धरलं. दिवा तसाच. तार असली काय, नसली काय. मग माझ्या डब्यातून तिने स्वतःच रेझिस्टर शोधला, माझी सोल्डरिंग गन तापवली, तो लावला. पान धरलं. दिवा लागला आणि विझला. पान अँटेनाला गुंडाळलं, तरी विझला.

माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे गेल्या आखाजीला पान ओट्यावरून हललं होतं, ते यासाठी?"

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. गेल्या आखाजीपासून मला ठाऊक होतं, हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायला तेवढं एकच उरलं होतं, आणि ते बायकोच्या तोंडून गेलं.

"म्हणजे त्या दोघींना मी उगाच काढलं," पुतणी म्हणाली.

संध्याकाळी निघताना तिने परत आलेल्या सगळ्या पेट्या गाडीत भरायला लावल्या. मला म्हणाली, केळीवाल्यांना मी निरोप दिला आहे, शेतातच भेटू, तुम्ही या. पण बोलायचं नाही. तुम्ही बोललात की ते हात जोडतात.

त्या शेतात मी गेलो. तोच निंब, तोच खांब, बाग नवी. आबा होते, व्यापारी होता, गेल्या साली मोटार जळाली होती तेही होते. पुतणीने जुनी पेटी खांबावर लावली, झाकण उघडं ठेवलं, म्हणजे लाल दिवा सगळ्यांना दिसेल. एक पान कापून तिने आबांच्या हातात दिलं.

"पान तुम्ही धरा, आबा. खड्ड्यात मीठ आहे ना अजून?"

"गोनीभर टाकलंय," आबा म्हणाले.

"मग अर्थ चांगलाच असेल."

दोघंतिघं हसले. घरच्या पेटीवरून 'चालू' गेलं, मोटार सुरू झाली. 'बंद' गेलं. मोटार चालूच. आबांनी पान खाली केलं, पुन्हा वर केलं, दिव्याकडे वाकून बघितलं. पुतणीने त्यांच्यादेखत हिरवी तार सोडवली आणि जोडली. काही फरक पडला नाही. मग स्टार्टरवर हात मारून तिने मोटार थांबवली आणि दुरुस्त केलेली पेटी लावली. चार वाक्यांत सांगितलं, आत काय नव्हतं आणि आता काय आहे. मुलांना मी यापेक्षा बरं कधी सांगितलं नव्हतं.

पुन्हा पान. 'चालू'. मोटार सुरू. 'बंद'. मोटार थांबली, आणि दिवा विझला. आबांनी पान अँटेनावर दाबून धरलं, चिडल्यासारखं, आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा थांबली.

मग ते माझ्याकडे वळले. हातात अजून पान होतं.

"मंग सर, आमच्याकून ते मीठ काबर टाकून घेतलं?"

पुतणीने बोलायचं नाही असं बजावलं होतं, पण ती आता माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "मला उत्तर येत नव्हतं. मिठाचं तुम्हाला लगेच पटेल हे माहीत होतं."

"आन आम्ही त्या पोरीले बोल लावत फिरलो," आबा म्हणाले, आणि पान बांधावर टाकून तिच्याकडे गेले. ज्यांची मोटार जळाली होती ते मला बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही, पण त्यातलं काही खोटं नव्हतं. व्यापारी पुतणीला विचारत होता, बागा मोठ्या व्हायच्या आत किती पेट्या होतील. ती म्हणाली, आधी माणसं बघू द्या. त्या दोन बायांपैकी एक परत यायला तयार आहे. दुसरी एका कापडाच्या दुकानात लागली आणि नाही म्हणाली. पुतणी तिच्या घरी जाऊन आली. मलाही जायचं आहे, अजून गेलेलो नाही.

निंबाखाली चहा आला. सगळे पुतणीभोवती उघड्या पेटीत डोकावत उभे होते. कप माझ्यापर्यंत कोणी आणला नाही. मी उठून गेलो आणि मागून घेतला.